खाटेची जागा

२ मार्च
एकदाचं बिऱ्हाड लागलं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे उतारावर सहा मधपेट्या आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर रान. घर ज्यांचं, ते मधवाले काका गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या बहिणीने पेट्यांसकट घर माझ्या हवाली केलं. तिचे बाबा गेल्यापासून माझी सात वर्षांची ठकी हसायचंच विसरली होती. आज टेम्पोतून उतरल्या उतरल्या उतारावरून दोनदा गडगडत गेली आणि फ्रॉकची पार वाट लावून, खिदळत आली. मी अजिबात ओरडले नाही. तेवढ्याचसाठी तर हा सगळा खटाटोप.

५ मार्च
पहिला मध काढला. जाळीची टोपी मी उलटी घातली होती आणि धूर माश्यांपेक्षा माझ्याच नाकात जास्त गेला. डाव्या हाताला तीन डंख. पण मध! न तापवलेला, कापडातून नुसता गाळलेला, किंचित कडसर, घशात रेंगाळणारा. ठकीने बरणीत बोट घालायचा सपाटाच लावला.
घरही मनासारखं लावलं. काकांची खाट खिडकीपाशी होती, ती भिंतीकडे ओढून मी घेतली. उजेडाची जागा ठकीला, तिथे तिची गादी. ती आता दुपारभर तिथेच चित्रं काढत लोळते. संध्याकाळी शेजारच्या सुतारांच्या मदतीने पेट्याही उतारावरून वर, पडवीजवळ आणल्या. रोज कोण चढउतार करणार?

६ मार्च
घोडचूक झाली. सकाळी रानात गेलेल्या माश्या परत आल्या त्या जुन्या जागीच. तिथे पेटी नाही, काही नाही. नुसत्या हवेत, बरोबर पेटीच्या उंचीवर घोंघावत राहिल्या. काकांच्या बहिणीला फोन केला. त्यांनी आधी माझी अक्कल काढली, मग समजावलं. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. जुन्या जागी एक रिकामी पेटी ठेवायची, चुकलेल्या माश्या तिच्यात शिरतात. बोलता बोलता म्हणाल्या, भाऊही तसलाच. दुपारचे दोन वाजले की पाठ टेकायला खिडकीपाशी यायचाच.

८ मार्च
रिकामी पेटी ठेवली. भराभर शिरल्या. मला मोठी मधवाली झाल्यासारखं वाटलं.
ठकी म्हणते, दुपारी तिच्या गादीवर कुणीतरी येतं. गादीला टेकत नाही, वरच असतं. किती वर, ते हात धरून दाखवलं. मी तिला हसले. नंतर उगाच खाटेची उंची पाहिली. तंतोतंत तेवढीच.

१० मार्च
दोन वाजता स्वतः खिडकीपाशी जाऊन बसले. दिसलं काहीच नाही. पण खाट कुरकुरली. भिंतीकडची नव्हे, जिथे खाट नाही तिथून. धुराचा वास आला. मग एक उसासा, पाठ टेकायला काही न सापडलेल्या दमल्या माणसाचा. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर कीवही आली. ठकी गादीवर चित्र काढत होती. तिने मान वर केली नाही.

११ मार्च
खाट परत खिडकीपाशी नेली. ठकीला माझ्याजवळ घेतलं. दोन वाजले. कुरकुर नाही, वास नाही. सुटले बाई.

१२ मार्च
ठकी दोनच्या ठोक्याला आपणहून आडवी झाली. दुपारी कधी झोपत नाही ती. उसासा टाकला — तोच.
उठली आणि उघड्या हातांनी पेटी उघडली. एक डंख नाही. म्हणाली, बाई, धूर फार करता तुम्ही.
आई नाही म्हणाली. बाई. तुम्ही.

१३ मार्च
जुन्या जागी रिकामी पेटी ठेवतात. चुकलेलं तिच्यात शिरतं. आणि मी त्या जागी सहा दिवस काय ठेवलं होतं — माझ्या हातांनी —
काकांच्या बहिणीला फोन. लांब नेल्या की माश्या जुनी जागा विसरतात म्हणे. मग तोही विसरेल. तिला सोडेल. टेम्पो बोलावलाय.

१३ मार्च, संध्याकाळ
टेम्पोत बसून लिहितेय. अक्षर हलतंय. मी म्हटलं, चल बाळा. ती शहाण्यासारखी उठली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली,
"चला बाई. पेटी हलवायची ती सगळ्या माश्या आत आल्यावरच. मी आलोय आता."
आलोय. माझी मुलगी — आलेय नाही, आलोय —
मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. कानात हाका मारतेय, ठकी, ठकी. असेल ना आत कुठेतरी — कोपऱ्यात — दोघांना जागा असेल —
पण एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत. एक दुसरीला —