परकारभाई काहीच का करत नाहीत

शनिवार, १० जानेवारी

हरलो. २-६. आइस हॉकीत गोलकीपरच सगळं, आणि आमचा गोलकीपर पावेल. त्याच्या पायांमधून दोन गोल गेले, तिसरा त्याने स्वतःच आत ढकलला. बाहेर आखात आणि आत बर्फ, त्या थंडीत शाल गुंडाळून मी घसा फाटेस्तोवर ओरडले. आता आवाज बसलाय. सी स्टँडातली आमची मराठी मंडळी मॅच संपल्यावर मुकाट्याने पार्किंगकडे निघाली, एरवी अर्धा तास निरोपच चालतो.

दुबईवाले त्यांचा तरणा गोलकीपर द्यायला तयार आहेत, बदल्यात पावेल हवा. लीगमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. अदलाबदल फक्त ३० तारखेपर्यंत चालते. आणि आमचे मॅनेजर परकारभाई बेंचमागे हाताची घडी घालून उभे. मी वरून ओरडले, "कुंभकर्णा, ऊठ." अख्खा स्टँड हसला. भाईंनी वर पाहिलं, हसले नाहीत.

गेटवर गाठलंच. "परकारभाई, ट्रेडचं काय?"
"बघू वैनी. इन्शाल्ला."
दिवाळीपासून हेच ऐकतेय.

गाडीत ईशा: "मम्मा, यू आर सो एम्बॅरसिंग. ही इज माय कोच ऑल्सो." ती ज्युनियर टीममध्ये आहे. चौदा वर्षांची झाली, आता तिला आईची लाजच वाटणार.

रविवार, ११ जाने.

सकाळपासून 'सी स्टँड मराठी' ग्रुपवर तेच. सगळे कण्हताहेत, कुणी स्पष्ट बोलत नाही. मग मीच लिहिलं. चांगलं लांबलचक. शेवट असा: 'हा कुंभकर्ण फुकट झोपलेला नाही. दुबईवाल्यांनी उशाशी पाकीट ठेवलं असणार, म्हणून एवढी गाढ झोप.'

धडाधड अंगठे आले, हसरे चेहरे आले. दामलेकाका म्हणाले, "मनीषाताई, तुम्हीच मॅनेजर व्हा." छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

सुहासला वाचून दाखवलं. तो कांदा चिरत होता. "पाकिटाचं तुला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. बोलायची पद्धत असते."
"ती पुण्यात," म्हणाला आणि चिरत राहिला.

मंगळवार, १३

तीळ भाजत होते. दामलेकाकांचा फोन. "ताई, तो तुमचा मेसेज फिरतोय बरं का. स्क्रीनशॉट. नाव कापलंय, पण."
पण काय, ते विचारायच्या आत फोन ठेवला.

मेसेज डिलीट केला, सगळ्यांसाठी करता येत होता तेवढा. आता ग्रुपवर तिथे 'मेसेज काढून टाकला' अशी ओळ आहे आणि वर माझं नाव. आधीपेक्षा वाईट दिसतं.

तीळ करपले.

बुधवार, १४. संक्रांत

हळदीकुंकू घरीच होतं, महिन्यापूर्वी ठरलेलं, रद्द कसं करणार. रीम बेटावरच्या आमच्या तिन्ही टॉवरांतल्या बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, खाली लॉबीतला गार्ड बघतच राहिला. एकेकीला कुंकू लावताना मनात एकच, हिने पाठवला असेल का? हिच्या नवऱ्याने? एकीला दोनदा कुंकू लावलं, वाणाचा एक डबा हातातून पडला. "बीपी बघून घे गं," एक म्हणाली. तिच्यावर सर्वांत जास्त संशय आला.

'गोड बोला, गोड बोला' म्हणून सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवले.

गुरुवार, १५

ऑफिसात एचआरमध्ये बसून दर वर्षी हे ट्रेनिंग मीच देते. ग्रुपवर कुणाची बदनामी करू नका, इथे कायदा कडक आहे, डिलीट केलं तरी सुटका नसते. स्लाइडवर लाल फुली आहे, ती मीच टाकलेली. गेल्या वर्षी एकाने विचारलं होतं, "मॅडम, आपापल्या भाषेत लिहिलं तर?" मी म्हणाले होते, "हबीबी, भाषा कुठलीही असो."

स्वतःला मात्र वाटलं, मराठीत आहे, घरातलंच आहे. परकारभाई रत्नागिरीचे. आमच्यापैकी निम्म्या जणांपेक्षा शुद्ध मराठी वाचतात. हे मला ठाऊक होतं. लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. आमच्या 'आपल्या मराठी माणसांत' ते कधी मोजलेच नव्हते, असं दिसतंय. ह्यावर अजून विचार करवत नाही.

शनिवार, १७

मॅच. १-४. सुहास आणि ईशा गेले, मी डोकं दुखतंय सांगून घरी. खरंच दुखत होतं.

दुपारी ०२ ने सुरू होणारा नंबर, म्हणजे इथली लँडलाइन; पोलीस स्टेशनचे फोन असेच येतात. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला नाही. मग मेसेज: तुमचं पार्सल लॉबीत ठेवलंय. आईसाठी मागवलेला गुडघ्याचा पट्टा.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ९ फेब्रुवारीला. पुण्याचं तिकीट काढलेलं आहे. केस झाली असली तर देशाबाहेर जाऊ देत नाहीत, आणि ते म्हणे एअरपोर्टवरच कळतं, काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे जरा जास्त वेळ बघतो. कुणाच्या तरी ओळखीतल्या कुणाचं तरी असं झालेलं. अशा गोष्टी पूर्वी मीच डोळे मोठे करून सांगायचे.

मंगळ., २०

जेवण जात नाही. लिफ्टमध्ये युनिफॉर्मवाला दिसला तर पुढच्याच मजल्यावर उतरते, तो एसीवाला असतो.

सु. म्हणतो, "नाव कापलंय ना? मग बस गप्प. आपोआप थंड होईल."
"आणि कुणी नाव सांगितलं तर?"
"कोण सांगणार?"
कुंभकर्ण म्हणून ओरडलेलं दोनशे माणसांनी ऐकलंय. नाव कापून काय उपयोग.

ईशाला काही सांगितलेलं नाही. तिचं डोकं पावेलमध्ये. "मम्मा, ही इज अ नाइस गाय. ही फिक्सेस माय स्केट्स." चांगला असेल. पकची चकती अडवता येत नाही त्याचं काय?

बघ, अजूनही राग आहेच. घाबरले म्हणून राग काही जात नाही.

रविवार, २५. रथसप्तमी

तिळगूळ आजपर्यंत देता येतो. डब्यात लाडू भरले आणि ईशाच्या प्रॅक्टिसला मी गेले. माफी मागायची की नुसता डबा द्यायचा, ते रिंकपर्यंत ठरलं नव्हतं.

भाई वरच्या रांगेत एकटे, कानटोपी, हातात थर्मास. डबा दिला. म्हटलं, "तिळगूळ घ्या." पुढचं म्हणवेना.
त्यांनीच म्हटलं, "गोड बोला."

एक लाडू खाल्ला. चहा ओतून दिला. मग खाली पोरींकडे बघत, आवाज न चढवता:
"तुमचा मेसेज वाचला मी, वैनी. ऑफिसने दाखवला. माझ्याकडूनच भाषांतर करून घेतलं."

बर्फावर पोरींच्या स्केट्सचा आवाज येत होता. मी काय बोलले आठवत नाही. सॉरी म्हटलं असेन.

ऑफिस म्हणजे आमची टीम चालवते ती कंपनी. खेळाडूंना नोकरी तीच देते, व्हिसा तीच देते, भाईंनाही. कंपनीने पाकिटाचा भाग गंभीरपणे घेतलाय. चौकशी लावलीय. शुक्रवारी दुपारपर्यंत भाईंनी उत्तर द्यायचं. दुबईवाल्यांशी काय बोलणं झालं, आणि हे लिहिणारा कोण.
"तुम्ही काय सांगितलंत?"
"ठाऊक नाही म्हटलं."
"पण तुम्हाला ठाऊक आहे."
"एकच बाई मला कुंभकर्ण म्हणते." पहिल्यांदा हसले. मला रडू आलं.

मग विचारलंच, भाई, तुम्ही ट्रेड का करत नाही? ते थर्मासचं झाकण फिरवत बसले.
"पावेलच्या बायकोला आठवा लागलाय. आधीचं एक गेलंय त्यांचं. टीम बदलली की कंपनी बदलते, कंपनी बदलली की इन्शुरन्स. मधला महिना ती बाय कुठे जाणार? त्याने मला कुणाला सांगू नका म्हटलं. मग मी काय माइकवर सांगू?"

निघताना म्हणाले, "तुम्ही काय करू नका. लेकीचा सीझन आहे, आईचं ऑपरेशन आहे ना? ईशा सांगत होती. मी बघतो."
बघतो. हाच शब्द ऐकून मी इतके दिवस चिडत होते.

सोमवार, २६

सु.ला सगळं सांगितलं. त्याने आधी ईशाच्या खोलीचं दार लोटलं. मग, "भाई स्वतःच म्हणाले ना, काही करू नका?"
हो.
"मग?"
सुटल्यासारखं वाटलं. दोन वेळा नीट जेवले. रात्रभर झोप लागली. आणि सकाळी दात घासताना आरशात स्वतःकडे बघवेना.

बावीस वर्षं झाली त्यांना इथे. मुलगा बारावीला. चौकशी उलटली तर सगळं बांधून रत्नागिरी. माझ्या एका ओळीपायी, तीसुद्धा हसवायला लिहिलेली.

बुधवार, २८

कंपनीला मेल लिहिला. 'तो मेसेज माझा. पाकिटाबद्दल मला काहीही माहिती नव्हती, नाही. मनाने रचलं.' खाली नाव, ऑफिस, नंबर. पाठवला नाही. पाठवला म्हणजे कबुलीच, माझ्याच हातची, सहीसकट. ट्रेनिंगमध्ये मी सांगते ना, लेखी काही देण्याआधी वकील गाठा. आता वकील गाठायचा तर त्यालाही सांगावं लागणार काय केलं ते.

भाई तरी दुसऱ्यासाठी गप्प बसले. मी कुणासाठी बसलेय?

गुरुवार, २९

ग्रुप पेटलाय. उद्या शेवटचा दिवस, अजून काही नाही. 'झोपा काढतोय.' 'मनीषाताई बरोबर बोलल्या होत्या.' 'चोर आहे, चोर.' हे शेवटचं लिहिणारा माणूस लेकाच्या बारशाला भाईंनी पाठवलेली बिर्याणी दोनदा वाढून घेत होता.

'तसं काही नाही, मी उगाच लिहिलं होतं' एवढंच टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. दामलेकाकांचं 'टायपिंग' दिसलं आणि फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी ईशा प्रॅक्टिसहून आली, बॅग दारातच टाकली.
"कोच परकार वॉज नॉट देअर. दे सेड ही इज ऑन लीव्ह. ही नेव्हर टेक्स लीव्ह, मम्मा."
मी पोळ्या लाटत होते.
"डिड समवन डू समथिंग टू हिम?"
"तुला कोण म्हणालं?"
"नोबडी. यू आर क्रायिंग."

शुक्रवार, ३० जाने.

खलिफा सिटी. कंपनीच्या ऑफिससमोर गाडीत बसून लिहितेय. शुक्रवारचं बाराला बंद होतं. ऑफिसातून अर्धी रजा घेतली, कारण लिहिलं 'वैयक्तिक'.

सकाळी सु.ला सांगितलं जाते म्हणून. म्हणाला, जाऊ नकोस. नीट विचार कर, ईशाचा कर, माझा कर, आईला कोण बघणार. सगळं खरं आहे. मी चपला घालत राहिले. दाराशी आला. "एमिरेट्स आयडी घेतलास?" मग स्वतःच माझी पर्स उघडून बघितलं, आहे का ते. पर्स मिटेना त्याच्याने, चेन अडकली होती.

मेल प्रिंट करून आणलाय. रिसेप्शनला फोन केला होता. "मे आय नो व्हॉट इज इट रिगार्डिंग?" तोंडातून निघालं, हॉकी. पोरगी म्हणाली, "शुअर मॅम, यल्ला, कम बिफोर ट्वेल्व्ह."

ग्रुपवर: 'ट्रेड झाला का?' 'कुणाला काही कळलं?' कुणालाच काही कळलेलं नाही.

आता भाईंची गाडी आली. समोरच लावली. इस्त्रीचा शर्ट, हातात एक फाइल, आज कानटोपी नाही, केस किती पांढरे झालेत. मला पाहिलं त्यांनी. काच खाली करावी की नाही कळेना. ते जवळ आले नाहीत. तिथूनच मान हलवली, नाही म्हणून, आणि तळहाताने खूण केली, बसा. मग काचेचं दार ढकलून आत गेले.

पाय गार पडलेत. बाहेर ऊन आहे, आणि पाय बर्फावर बसल्यासारखे गार.

सीटबेल्ट सोडलाय. आता स्टँडातून कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं, "कुंभकर्णा, ऊठ."