सहावी ‘ब’चे शिक्षक ‘निरंक’ नसल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खिडकी.

विषय : सहावी ‘ब’चा वर्ग मोडण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) ‘शिक्षकांसाठी मोफत ऑनलाइन साधने’ हे आपले परिपत्रक.
२) सोमवारपासून वर्ग मोडण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. अर्जदार बावीस वर्षे गणित शिकवीत आहे. संदर्भ एकमध्ये सर्व शिक्षकांना एका संकेतस्थळावर नाव नोंदवून तेथील प्रश्नसंच वापरण्यास कळविले होते. त्यात ‘मोफत’ हा शब्द चार वेळा, तोही ठळक होता. फुकट ते पौष्टिक असे लोक म्हणतात. अर्जदाराच्या वडिलांनी मात्र फुकट मिळालेली छत्रीसुद्धा आधी शेजाऱ्याला वापरायला दिली होती. अर्जदार त्यांचाच मुलगा आहे. नोंदणीत नाव, जन्मतारीख, फोन आणि आवडता रंग विचारला होता. रंग कशासाठी हवा, याचा खुलासा नव्हता. रकाना मोकळा सोडू नये, ‘निरंक’ लिहावे, ही शिस्त आपल्याच कार्यालयाने लावली आहे. सबब अर्जदाराने सर्व रकान्यांत ‘निरंक’ लिहिले.

२. लगेच पडद्यावर ‘नमस्कार निरंक सर, तुम्हाला पाहून आनंद झाला’ असे उमटले. पाहून म्हणजे कुठून, हे न कळल्याने अर्जदाराने कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली. पुढे तो तापाने तीन दिवस घरी असता ‘तीन दिवस दिसला नाहीत’ असा निरोप आला. ही बातमी कोणी पुरवली? शेजारच्या वर्गाच्या बाईंनी त्याच सकाळी “बरं आहे ना आता?” असे विचारले होते. त्यांच्यावरील संशय अर्जदाराने निम्मा मागे घेतला आहे.

३. तरीही परिपत्रकाचा मान राखून अर्जदाराने अपूर्णांकांचे प्रश्नसंच तयार केले. मुले ते शाळेच्या संगणकावर आवडीने सोडवू लागली. निरंक सर हे कोणी दुसरेच गृहस्थ आहेत, असा त्यांचा समज झाला. सुरक्षिततेसाठी अर्जदाराने तो तसाच राहू दिला.

४. महिनाअखेर संकेतस्थळाने आपल्याकडे परस्पर तक्ता पाठवला : ‘सहावी ब, शिक्षक : निरंक’. त्यावरून पद रिकामे समजून मुले ‘अ’ आणि ‘क’ तुकडीत वाटण्याचा आदेश निघाला. शिपाईमामा वर्गात येऊन “सर, तुम्ही उठलात की खुर्ची नेतो” म्हणाले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “मी तुम्हाला रोज बघते हो, पण कागदावर तुम्ही नाहीत.” आपल्या खिडकीवर सांगण्यात आले की, दुरुस्तीचा अर्ज नोंदीत ज्याचे नाव आहे त्यानेच करावा. म्हणजे तो निरंकने करावा. आणि निरंक म्हणजे तर कोणीच नाही. यात कुठेतरी पाणी मुरते आहे, असे अर्जदाराचे ठाम मत होते.

५. मात्र काल एक गोष्ट घडली. शेवटच्या बाकावरील एक मुलगी दोन वर्षांत वर्गात एक शब्द बोललेली नाही. तिने संकेतस्थळावर लिहिले : “निरंक सर, चुकलं तरी तुम्ही ओरडत नाही म्हणून विचारते. अर्पूणांकांची बेरीज करताना छेद सारखा का करायचा? आमच्या सरांना सांगू नका.” हा सापळा असावा, असे अर्जदारास प्रथम वाटले. त्याने तिची वही तपासली. तिथेही पानोपानी ‘अर्पूणांक’ असेच होते, आणि प्रत्येक ठिकाणी अर्जदाराची लाल रेघ होती, जोरात ओढलेली. अर्जदारास फार वाईट वाटले. अर्जात हे लिहिण्याची पद्धत नाही, तरी लिहिले आहे.

६. सोमवारी ती मुलगी बावन्न मुलांच्या ‘क’ तुकडीत जाईल आणि पुन्हा गप्प होईल. तरी वर्ग मोडू नये, ही विनंती. नोंद दुरुस्त होत नसल्यास ती तशीच ठेवावी आणि अर्जदारास निरंक या नावाने शिकवू द्यावे. त्या नावाचा माणूस ओरडत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ती राखण्याची हमी अर्जदार देत आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे आहे.

आपला नम्र,
निरंक
वर्गशिक्षक, सहावी ‘ब’
दिनांक : चालू महिन्याची १४, शुक्रवार

सोबत :
१) हजेरीपट, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
२) वहीचे एक पान. (लाल रेघ खोडली आहे.)
३) आवडता रंग : निळा. यापूर्वी दडविल्याबद्दल दिलगीर आहे.