खिडकीकडची फळी

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
ढब्बूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीचा गुडघा सुधारतोय, माझं पोट आहे तेवढंच आहे.

भावोजींना जाऊन आठ महिने झाले, आणि तुझ्या पत्रांत 'सगळं ठीक आहे' यापलीकडे काही नसतं. रागावू नकोस, पण तुझ्या दुकानाच्या मालकांनी मला फोन केला होता. चष्म्याच्या काचेची कड घासताना तुझं बोट चाकाला लागलं, खालचं पाणी लाल झालं, तरी तू घासतच होतीस, असं ते सांगत होते. मशीन त्यांनी बंद केलं म्हणे. तुझ्या पत्रात बोटाचा उल्लेखही नव्हता. ताई, मी पोटासाठी माणसांना भूल देतो. शुद्धीतलं माणूस असं बधिर झालेलं मात्र मला बघवत नाही.

तेव्हा एक ठरवलंय. तुमच्या कपाटाच्या दाराला आतून भावोजींनी ते बेटाचं चित्र चिकटवलंय ना, प्रवाळाने चहूबाजूंनी अडवलेलं निळं, उथळ पाणी, त्या लगूनला आपण दोघं मार्चमध्ये जाऊ. पाण्यावर उभारलेली घरं आहेत. जमिनीला काच, त्यातून मासे दिसतात, आणि प्रत्येक घराला स्वतंत्र पोहण्याचा हौद. खर्च सगळा माझा. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रांतून थोडा दिसू दे.

तुझा,
ढब्बू

ता. १५ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोट बरं आहे. मालकांना बोलण्याची हौस आहे. दुखलं नाही म्हणून लिहिलं नाही, त्यात लपवण्यासारखं काय?

समुद्राच्या मधोमध घर, आणि त्याला पोहण्याचा हौद कशाला, हे मला कोणी तरी समजावून सांगा. मासेही हसत असतील. तुझ्या एका रात्रीच्या पैशांत त्याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर, कोळ्यांच्या वस्तीत, माझ्या अकरा रात्री होतात. पंखा, दोन पलंगांची खोली, न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. घर चालवणारी एक विधवा बाई आहे, पत्राला स्वतः उत्तर देते. ह्यांनी सगळी माहिती काढून ठेवली होती. बस चालवून पाठ गेली त्यांची, पण टपालखर्च सोडून एक पैसा वायफळ जाऊ दिला नाही. अंथरूण पाहून पाय पसरणारं आमचं घर.

खरं सांगायचं तर जायची इच्छा नाही, न जायचीही नाही. तू काचेची जमीन दाखव नाहीतर सोन्याची, गाढवाला गुळाची चव काय! तुझा खर्च वाया जाईल एवढंच वाटतं. वाटतं म्हणजे, तसं लिहायला हवं म्हणून लिहिते.

भावजयीला म्हणावं, गुडघा शेकत जा. माया असू द्यावी, उपदेश आवरावा.

ताई

ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो. तू तुझ्या काठावर राहा, मी माझ्या. मधे पाणी तेवढंच, होडीने वीस मिनिटं. तू तुझ्या खर्चाने, मी माझ्या, कोणाचा कोणावर उपकार नको. सकाळी मी तुझ्याकडे येऊन जेवेन, संध्याकाळी तू माझ्या हौदात पाय सोडून मला हसशील. मला मात्र दवाखान्यातून पहिले तीन दिवस सुटका नाही. तू पुढे हो, चौथ्या दिवशी मी पोचतो.

भावजय म्हणते, ताईंना शाल न्यायला सांगा. तिला कितीही सांगितलं की तिथे घाम पुसायला पंचा लागतो, तरी ऐकत नाही.

खोली पक्की केलीस की कळव. उलट टपाली उत्तर आलं नाही तर मी स्वतः येऊन उभा राहीन, आणि तुला स्वयंपाक करावा लागेल.

तुझा,
ढब्बू

ता. १० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

खोली पक्की झाली. शाल नेणार नाही, भावजयीला सांग.

एक गोष्ट झाली, ती तुलाच सांगते. खोलीसाठी लिहिताना मी त्या बाईला कळवलं, की एका पलंगावर गादीखाली फळी घाला, पाठीचा त्रास आहे. कुठेही राहायला जायचं तर गेली अकरा वर्षं मीच हे लिहीत आले. बाईंचं उत्तर आलं, की फळी मिळेल, खिडकीकडच्या पलंगाला घालू की दाराकडच्या? मी लगेच लिहिलं, खिडकीकडच्या. ह्यांना खिडकी लागते. पत्र पेटीत टाकलं, दुकानात आले, चार काचा घासल्या, आणि पाचवी हातात घेतल्यावर कळलं की मी काय लिहून बसले.

मग मी वाट पाहिली. आता काही तरी होईल, रडू येईल, असं वाटलं. काही झालं नाही. पाचवी काच घासून दिली. ढब्बू, ह्यांना नेलं त्या दिवसापासून मी एकदाही रडलेले नाही. लोकांना वाटतं मी धीराची आहे. मला भीती वाटायला हवी, तीही वाटत नाही.

तू रोज माणसांना बधिर करतोस. भूल उतरायला लागली हे तुला कशावरून कळतं? कोणाची उतरतच नाही, असं होतं का?

त्या बाईला पुन्हा लिहून फळी नको म्हणून कळवणार होते. राहून गेलं.

ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात बसून दोनदा वाचलं. मला रडू आलं. तुझ्या वाटणीचं धर.

उतरतेच, ताई. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. वेदना आधी येईल असं सगळ्यांना वाटतं, पण बऱ्याच जणांना आधी थंडी वाजते. उन्हाळ्यातसुद्धा दात वाजतात. माणूस घाबरतो. आम्ही त्या वेळी फार काही विचारत नाही. पांघरूण घालतो आणि शेजारी उभे राहतो. दुखणं त्यानंतर.

फळीचं काही कळवू नकोस. असू दे.

तुझा,
ढब्बू

ता. ८ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हे पत्र होडीवाल्याबरोबर तुझ्या त्या थाटाच्या हॉटेलात पाठवून ठेवते, म्हणजे उद्या पोचलास की आधी हे हातात पडेल.

खोली स्वच्छ आहे. पंखा फिरताना कुरकुरतो. बाईंनी जुन्या होडीची फळी कापून, तासून, खिडकीकडच्या पलंगावर घातली होती. किती मापात बसलीय हे त्यांनी गादी उचलून दाखवलं, आणि पाठीचा त्रास असलेले साहेब कधी येणार म्हणून विचारलं. मी सांगितलं, ते येणार नाहीत, त्रास मलाच आहे. दुसरा पलंग मोकळा होता, पण तसं सांगून बसल्यावर त्या फळीवर मलाच झोपावं लागलं.

ढब्बू, फार टोचते ती. दर कुशीला हाड लागतं. अकरा वर्षं हा माणूस तशावर झोपला आणि मी शेजारी मऊ गादीवर. कधी बोलले नाहीत. उलट सकाळी मलाच विचारायचे, झोप लागली का.

पहाटे उठले तर पाठ दुखत होती. इतक्या महिन्यांत काही दुखलं ते हे पहिलं. तशीच पाण्यात जाऊन उभी राहिले, गुडघ्यापर्यंत. चित्रातलंच पाणी, तेवढंच निळं. बाई काठावरून म्हणाल्या, कोमट आहे, आणखी आत जा. कोमटच होतं. लहान पोरं डुंबत होती.

मला थंडी वाजायला लागली. आता ऊन डोक्यावर आलंय, पायरीवर उन्हात बसून लिहितेय, तरी जात नाही. अक्षर बघ कसं आलंय.

तुझी बायको ऐकत नाही म्हणालास, तेव्हा तिने तुझ्या सामानात शाल घातलीच असेल. सामान सोडत बसू नकोस. ती घेऊन आधी इकडे ये.

ताई