ढोलकी खाटेवर ठेवलीय

करिश्माचे पप्पा,

मी चर्चला पुढं गेले. आज आपली पोरगी पहिल्यांदाच उपदेश करणार हाय, आख्ख्या नळदुर्गच्या मंडळीपुढं!

पाळकांनी चर्चमधी तुमच्या ढोलकीच्या जागी कीबोर्ड आणला तवापासून तुम्ही रुसून घरी बसलाव. मी तुमच्यासंगं लई भांडले. पोरगी मात्र नुसती प्रार्थना करायची, "पप्पा येतील, पण प्रभूच्या वेळंला," म्हणायची. हट्ट तुमचा घेतलाय, एवढी सबुरी कुठून आणली ते देवच जाणे.

काल तिनं पाळकांना सांगितलं, "उपदेशाआधीचं गाणं पप्पांच्या ढोलकीवरच होईल."

दोऱ्या मी ओढून ठेवल्यात, सूर तुमचा तुम्ही लावा. भाकरी टोपल्यात हाय.

तुम्ही येईस्तोवर ती गाणं सुरू करणार न्हाय. तुम्ही येणार, हे तिला पक्कं ठाऊक हाय. आज मलाबी.

दैवशाला