सर्वांत जुने आधी

सोमवार, ४

नोकरी लागली! ताईने दिलेल्या वहीचं हे पहिलं पान, म्हणून अक्षर जपून काढतो आहे. बारावीला दोनदा गचकलो, पण शुद्धलेखनात माझा गुण कधी कापला गेला नाही, आणि शेवटी तेच कामाला आलं. कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणारं दुकान आहे. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते टायपिंग शिकवायचे. त्यांनी मला ‘प्रतिज्ञापत्र’ आणि ‘वास्तव्य’ लिहायला लावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, उद्यापासून कशाला, आजच बस.

एक टेबल, दोन खुर्च्या, प्रिंटर, बाहेर गिऱ्हाइकांसाठी बाक. लॅपटॉप जुनाट आहे. त्याची हार्ड डिस्क मेली तेव्हा मास्तरांनी ती काढून टाकली आणि नवी घातलीच नाही. आता तो पेनड्राइव्हवरच्या लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालतो. हरवू नये म्हणून पेनड्राइव्ह लाल दोऱ्याने खणाच्या किल्लीला बांधलाय. मास्तर म्हणाले, म्हाताऱ्याचा मेंदू गेलाय, आपण त्याला रोज सकाळी उसना देतो. मी हसलो.

चालू करताना पडद्यावर दोन ओळी येतात. वरची निवडली तर लॅपटॉप बंद करताच दिवसभराचं सगळं पुसलं जातं. खालची निवडली तर पेनड्राइव्हवर साठतं. मास्तरांचा दंडक असा की वरचीच निवडायची. लोकांची कागदपत्रं आपल्याकडे राहायला नकोत. मला पटलं.

संध्याकाळी ताईने विचारलं, कसा गेला पहिला दिवस. दाजी म्हणाले, टिकला म्हणजे मिळवलं, याचा पाय कुठे ठरत नाही. त्यांच्या बैठकीतला दिवाण किती दिवस माझा, ते या नोकरीवर आहे. हे मात्र कोणी बोललं नाही.

मंगळवार, ५

मास्तरांनी दोन ओळी पुन्हा समजावल्या. उसन्या मेंदूचा विनोदही पुन्हा केला. वय झालंय, म्हणून मीही पुन्हा हसलो.

बाहेरच्या बाकावर रोज एक काकू येऊन बसतात. माझ्याआधी त्यांचा मुलगा इथे कामाला होता. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी घरातून निघाला, तो दुकानात पोचलाच नाही. काकू अकराला येतात. मांडीवर डबा असतो, दोघांपुरता. एक वाजता त्यातला अर्धा खातात आणि उठतात. मास्तर म्हणाले, पोरगा भला होता, तुझ्यासारखाच शब्दाशब्दाला अडायचा.

ताईने विचारलं, कसा गेला पहिला दिवस. ती चेष्टा करते आहे असं वाटलं.

गुरुवार, ७

मास्तरांनी मला ‘प्रतिज्ञापत्र’ लिहून दाखवायला सांगितलं. चष्मा कपाळावर. उद्यापासून कशाला, आजच बस. मी म्हणालो, मास्तर, का थट्टा करता गरिबाची? ते चिडले. पहिल्याच दिवशी एवढं तोंड चालवणारा माणूस टिकत नाही म्हणाले. काल आलेला पेन्शनवाला तोच अर्ज घेऊन पुन्हा आला. आपण इथे कधीच आलो नाही म्हणाला.

घरी ताईचा तोच प्रश्न. दाजींचं तेच उत्तर, पायाच्या टोमण्यासकट. चार दिवसांत मी चारदा पहिल्यांदा कामाला गेलो.

शुक्रवार, ८

बंद केलं की माझा दिवस पुसला जातो, फक्त लॅपटॉपमधूनच नव्हे. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण ताळा करून पाहायला काय हरकत आहे? आज मास्तरांची पाठ वळताच खालची ओळ निवडली.

आत एक फोल्डर आधीच होतं. काकूंच्या मुलाचं. मी शेजारी माझं केलं आणि दिवसाचं काम त्यात ठेवलं.

शनिवार, ९

मास्तर आले आणि म्हणाले, कालचा तो वारसाचा अर्ज झकास झाला रे. मी प्रिंटरमागे तोंड लपवून डोळे पुसले.

बुधवार, २०

रोज खालचीच ओळ. मी धोका पत्करत नाही. केलेला प्रत्येक अर्ज ठेवतो, या वहीच्या पानापानाचा फोटो ठेवतो. ताईचे, दाजींचे, दिवाणाचे फोटोही ठेवले. दाजी काल म्हणाले, टिकलास की रे. भिंतीला माझ्यासाठी खिळा ठोकून दिला, शर्ट अडकवायला.

आज पडद्यावर आलं की जागा संपत आली आहे. काकूंच्या मुलाच्या फोल्डरमध्ये तीनशे अकरा फायली आहेत. फोटो आहेत, आईच्या चष्म्याचा नंबर आहे, ‘तीर्थरूप आईस’ म्हणून अर्धं राहिलेलं पत्र आहे. त्यात शुद्धलेखनाची एक चूक नाही.

गुरुवार, २१

मी दुकानासाठी सूचनाफलक केला. नियम सुवाच्य अक्षरात. एक, हात पुसून बसावे. दोन, पेनड्राइव्ह ओढून काढू नये. तीन, चार असेच. पाच, जागा भरल्यास सर्वांत जुने फोल्डर आधी काढावे. मास्तर खूश झाले. लॅमिनेशन करून त्यांनी तो स्वतः भिंतीला चिकटवला. सगळे लिहिलेच आहे तर पाळायलाही हवे, म्हणाले.

शुक्रवार, २२

नियम असला की हात थरथरत नाही. काकू चार हातांवर बसल्या होत्या. त्यांना विचारता आलं असतं. मी फलकाकडे पाहिलं आणि मुलाचं फोल्डर काढून टाकलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मंगळवार, २६

काकू तीन दिवस आल्या नाहीत. आज आल्या त्या बाकावर न बसता थेट आत. अपत्य नसल्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, वृद्धाश्रमात मागतात म्हणे. मी विचारलं, काकू, मुलगा? त्या म्हणाल्या, पोटी काही नाही रे बाबा, असतं तर ही पायरी कशाला चढले असते.

मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, पाहतोस काय, कर टाइप. तुझ्याआधी इथे कोण होतं ते विचारलं, तर हसले. मी एकटाच होतो म्हणाले, तू माझा पहिला माणूस.

टाइप केलं. ‘निपुत्रिक’. पहिली वेलांटी दीर्घ नाही, ऱ्हस्व. साक्षीदार म्हणून माझी सही.

जाताना त्यांनी पिशवीतला डबा उघडला आणि बघतच राहिल्या. वेडीच मी, म्हणाल्या, दोघांचा का भरते कोण जाणे. खातोस का?

मी खाल्लं.

शुक्रवार, २९

काम वाढलं म्हणून मास्तरांनी भाचीला आणलं आहे. दुपारनंतर ती लॅपटॉप नव्याने चालू करून बसते. शांत आहे, नेटकी आहे. मास्तरांनी वरची ओळ सांगितली होती, पण तिलाही दोन दिवसांत काहीतरी कळलं असावं. आज तिने खालची निवडली. तिचं फोल्डर माझ्या शेजारी.

निघताना ती फलक वाचत होती. अक्षर छान आहे म्हणाली. पाचही नियम तिने आपल्या वहीत उतरवून घेतले.

सोमवार, २

माझं फोल्डर फार मोठं आहे. मीच भरत गेलो. कमी करायला हवं, पण काय काढू? ताईचा फोटो? खिळ्याचा? बावीस तारखेचं पान? —

फलक उपटायला गेलो. लॅमिनेशनसकट भिंतीला घट्ट. मास्तर म्हणाले, असू दे की, शोभतो.

अंगात कणकण आहे.

मंगळवार, ३

ताप. ताईने उठू दिलं नाही. दार अडवून उभी राहिली. म्हणाली, दुकान पळून जात नाही.

दुपारी मास्तरांना फोन. म्हणाले, झोप तू, भाची सांभाळतेय. फक्त जागा भरली म्हणतेय. मी सांगितलं, भिंतीवर लिहिलंय तसं करू द्या —

म्हणालो, नको. मास्तर, तिला थांबवा, ते माझं —

ते म्हणाले, अरे तूच तर लिहिलंस. आणि मग, पडद्यावर पुसण्याची पट्टी सरकतेय बघ, अर्धी झाली.

मग म्हणाले, कोण बोलतंय? नंबर चुकला तुमचा.

ताई स्वयंपाकघरातून माझ्यावर ओरडते आहे. गोळी घेतली का, लहानपणापासून असाच, औषध म्हटलं की तोंड —

थांबली. मध्येच.

दारात आली. हातात दुधाचा ग्लास. ग्लासाकडे बघते आहे. कुणासाठी आणला ते आठवत नसावं. हाक मारली. दोनदा.

दूध स्वतःच प्यायली.

दाजींना विचारते आहे, भिंतीला हा खिळा कशाला ठोकला —

दिवाण आवरायला आली. चादरीचं टोक धरलं. घडी घालते आहे, माझ्याकडे येते आहे, ताई, मी चादरीवर