ब्राझील आणि आपलं दीड एकर

केज तालुका,
१९ एप्रिल २०१६

ती. अक्कास,

धाकट्या कौशल्येचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कॅनडात थंडीने आखडत असतील. (इथे नुसतं 'थंडी' लिहिलं तरी बोटांना गारवा वाटतो.) भावोजींना नमस्कार. आम्ही खुशाल. टँकर दिवसाआड येतो. आला की सगळं गाव खुशाल असतं.

आपल्या डोंगराकडच्या दीड एकर झाडीच्या जागी दूध संस्थेला दूध गार ठेवायचं चिलिंग सेंटर बांधायचं आहे, हे तुला कळलंच आहे. सातबारावर आपल्या दोघींची नावं, म्हणून संमतीही दोघींची हवी. चेअरमन सुंदरराव रोज सकाळी दारात येऊन विचारतात, "अक्कांचा कागद आला का?" (नमस्कार त्यानंतर.) ती सीताफळं, तो धावडा तुटणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना. दिवाळीच्या सुटीत बोर्डिंगातून आलो की आपला मुक्काम तिथेच असायचा. नन्सनी शिकवलेली इंग्रजी गाणी तू धावड्यावर चढून म्हणायचीस आणि खाली मी आणि शेळ्या ऐकायचो. (शेळ्या मधूनच उठून जायच्या. मी कधी गेले नाही.)

म्हणून एक युक्ती केली. कोणत्या देशात जंगल किती वेगाने कमी होतंय, याचा तक्ता पेपरात आला होता. तो मोठ्या कागदावर उतरवून संस्थेच्या सभेत टांगला. तीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे माझा असा समज होता की असले आकडे पाहून माणसं हळहळतात. पण ही माणसं दुधाच्या फॅटमध्ये दरवर्षी तालुक्यात पहिली येणारी. त्यांनी आधी आपला नंबर शोधला. मी सांगितलं, गेल्या वर्षी आपल्या गावात एकही झाड तुटलं नाही, म्हणजे आपला दर शून्य. सुंदररावांनी तिथल्या तिथे संस्थेच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मागून म्हातारे ज्ञानोबा म्हणाले, "टकल्याचे केस गळत न्हाईत, म्हनून त्याचा सत्कार कावून?"

मग मी समजावलं, की ब्राझीलचं जंगल एवढं अफाट, वर्षभर तोडूनही शेकड्यात थोडंच भरतं. आपल्याकडे उरलंय ते दीड एकर. तेवढं गेलं की शंभर टक्के गेलं; या बाबतीत जगात कोणी आपल्या जवळ फिरकणार नाही. सभा गंभीर झाली. मला वाटलं, जिंकले. सुंदररावांनी हळूच विचारलं, "म्हंजी ब्राझीलच्या बी म्होरं?" आणि टाळ्या पडल्या.

चतुराबाईने तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. या उन्हात तिचं दूध केजला पोचेपर्यंत आठवड्यातून तीनदा नासतं. ती म्हणाली, "बाई, झाडं चांगलीच हायत. पर नासल्या दुधावर घर कसं चालवायचं, ते बी तुमच्या तक्त्यात लिवा."

मी तक्ता गुंडाळला आणि घरी आले.

तुझीच,
कौशल्या

ता. क. तुझा कागद अजून आला नाही, असं मी सुंदररावांना रोज सांगते. तो येऊन तीन आठवडे झाले. गव्हाच्या कोठीत आहे.

पुन्हा ता. क. टपालाने दुसरा पाठवू नकोस, तोही पोचणार नाही. कोरा कागद घेऊन स्वतः ये. तुला पाहून अकरा वर्षं झाली. आठ दिवस राहा, माझ्याबरोबर त्या झाडीत बस. नवव्या दिवशी चतुराबाईला बोलावू आणि तिच्यादेखत तुझ्याआधी मी सही करीन.