राहिलेला डोहाळा

८ जून, रविवार
सारिकाला सहावा लागला. फोडणीचा वास अजून सहन होत नाही. मोहरी तडतडली की तोंडाला पदर लावून अंगणात. म्हणून रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि तोही बिनफोडणीचा. बाहेरच्या देशांत फोडणीशिवाय पुष्कळ काही शिजते, हे मोबाइलवर बघून कळले.
आज कोरियाचा भात. सा. बघते त्या मालिकेत तो काळ्या कागदात गुंडाळून खातात. कागद म्हणजे समुद्रातला पाला. मोंढ्यातल्या किराणावाल्याला विचारले तर म्हणाला, "काळा कागद झेरॉक्सवाल्याकडं बघा." शेवटी न्हाणीच्या पाण्यावरचा अळू काढला. चिंच घालून उकडला. घसा खाजतो का ते आधी स्वतः खाऊन बघितले, मगच भरला. आत भात, काकडी, गाजर, वरून सोया सॉस.
आई म्हणाली, "वड्या येत न्हाईत तर इचारायचं. त्यात भात कावून कोंबला?"
सा. : "आई, ही कोरियाची अळूवडी हाय."
पोटभर खाल्ले तिने. मी पलीकडे वळलो तेव्हा आईनेही एक उचलली.

१५ जून
इटलीचा पास्ता. त्याच्या टोमॅटोच्या रश्शात एक परदेशी तुळस लागते. काल दुकानात सलीमभाईंना पानाचा फोटो दाखवला. मी फ्लेक्सचे टायपिंग करतो, ते मशीन चालवतात. म्हणाले, "अबे, हा तर सब्जा. आमच्यात कबरीवर लावतात. कबरस्तानात लई हाय, पायजे तेवढा घे." सुट्टी झाल्यावर त्यांच्याबरोबर गेलो. मी बाहेर थांबलो, त्यांनी आणून दिला.
मिठाच्या पाण्यात धुतला. पुन्हा धुतला. वास खरेच छान.
सा. ने ताट बोटाने पुसून खाल्ले. पानं कुठली, म्हणाली. सलीमभाईंनी दिली, म्हणालो. हे खरे आहे. तरी मनात राहिले आहे.

२२ जून
डोहाळजेवण जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठरले. आईने भावकीत निरोप दिले. काय खावेसे वाटते ते सा. ला विचारले, तर म्हणाली, कुनाफा. अरब लोकांचा गोड पदार्थ. शेवया तुपात परतून खाली-वर थर, मध्ये खारट नसलेले चीज, वरून साखरेचा पाक. आई म्हणाली, "आज कुनाफा, उद्या चांदोबा मागंल." पण माळ्यावरचा शेवयांचा डबा तिनेच काढून दिला.
पहिला बिघडला. आपल्या शेवया जाड, त्या आत कच्च्या राहिल्या आणि खालून जळाल्या. सा. ने वास घेतला, खाल्ला नाही. "आता नगं. डोहाळजेवणालाच खाईन, नीट झालेला."
शेवया हाताने चुरून बारीक कराव्यात. चीजऐवजी दूध फाडून पाहावे. आच मंद, खाली तवा.

३ जुलै
बीड. दवाखाना. पोटातले ठोके लागत नाहीत म्हणाले. दुसऱ्या मशीनवरही बघितले.

४ जुलै
मुलगी होती.

६ जुलै
तिला गावी, पालीला आणले होते. काका आणि मी. धरणाकडच्या आपल्या बांधाला. काकांनी मला माती लोटू दिली नाही. "तू तिकडं तोंड करून बस," म्हणाले. बसलो.
दवाखाना सोडायच्या आधी डॉक्टरबाईंना विचारले, खाण्यातून काही? म्हणाल्या, नाही, असे कधी कधी होते, कारण सापडत नाही. बाहेर आलो, परत आत गेलो. सोया सॉसचे विचारले. नाही हो, म्हणाल्या. परत गेलो तेव्हा सिस्टरने दार अर्धेच उघडले. सब्जाचे विचारता आले नाही. कसे विचारणार. कोणत्या शब्दांत.

९ जुलै
काकू भेटायला आली. सा. आत पडून होती, दार उघडे होते. तरी काकू म्हणाली, "कुठल्या कुठल्या देशाचं खाऊ घातलं. लेकराला सोसंल का ते?" मला वाटले आई काहीतरी बोलेल. आई कपात चहा ओतत राहिली. आईला बोलायची सवय आहे, म्हणून ते जास्त लागले.
मसाल्यांच्या परदेशी बाटल्या उकिरड्यावर टाकल्या.

१२ जुलै
आईने सवयीने वरणाला फोडणी दिली. सा. चुलीजवळच उभी होती. आई चरकली. मी तांब्या घेऊन उठलो. सा. तिथेच उभी. नाकाला पदर नाही, काही नाही. मळमळ येईल म्हणून वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. आली नाही. मग भिंतीला कपाळ टेकवून खाली बसली.
संध्याकाळी म्हणाली, मला आईकडं सोडा.

१३ जुलै
नारायणगडाखाली तिच्या वाडीला सोडून आलो. आज डोहाळजेवण होते. आम्ही दोघांनीही तसे म्हटले नाही.

२१ जुलै
एक फ्लेक्स आला. कुणाच्या तरी मुलीचा पहिला वाढदिवस, फ्रॉकमधला फोटो. सलीमभाई म्हणाले, "तू ऊठ, मी करतो." त्यांना मराठी टायपिंग येत नाही. बराच वेळ शुभेच्छा लिहीत होते. शेवटी मीच बसलो. ते पाठीमागे उभे राहिले, जाईनात.

२ ऑगस्ट
रोज फोन करतो. जेवलीस का? हां. काय केलंय? हां. मग मामींकडे, म्हणजे तिच्या आईकडे, फोन देते. मामी सांगतात, "जावईबापू, नुसता चहा घेती. ताट तसंच उचलते मी."
आईला सांगितले. आई गहू निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, "डोहाळा राहिला तिचा. राहिलेला डोहाळा अंगात बसतो, मग अन्न जात न्हाई. माझ्या बहिणीचं तसंच झालतं. ते अरबाचं करून ने."
मला पटले. पटायलाच हवे होते असे पटले.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी उठून शेवया चुरल्या. आई शेजारी बसून चुरत होती. दूध फाडले. मंद आच, खाली तवा. एकदम नीट झाला. रंग मोबाइलमधल्यासारखा. आईने डबा धडप्यात बांधला, पाक वेगळ्या बाटलीत.
सा. ओसरीवर होती. वाळली आहे. डबा पुढे ठेवला, झाकण काढले. बघत राहिली.
"हे कुणासाठी आणलं?"
"तुझ्यासाठी. राहिलं होतं ना."
"मला कुठं पाहिजे होतं?" आवाज चढवला नाही. "तिला पाहिजे होतं."
झाकण लावले आणि आत गेली. मामींनी मला पाणी दिले. मी पाण्याकडे बघत बसलो.
डोहाळे लेकराचे असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. आईला, मला. तरी दोघे सकाळपासून चुरत बसलो.

१२ ऑगस्ट
आईला सांगितले, सा. काय म्हणाली ते. आई म्हणाली, "माझंच चुकलं." आणि गोठ्यात गेली.

२० ऑगस्ट
सलीमभाईंना विचारून टाकले, त्या पानांमुळे काही होऊ शकते का. त्यांना राग येईल वाटले होते. म्हणाले, "येडा का बे? आमची पोरं तिथं खेळतात, तीच पानं चघळतात." मग थोड्या वेळाने, "पण तिला सांग तू. दाबून ठेवू नको."

२४ ऑगस्ट
फोनवर सांगितले. इटलीच्या रश्शातली पानं कबरस्तानातली होती.
फोन कटला वाटले.
मग म्हणाली, "कळलं होतं मला. आमच्या शाळेच्या वाटेवर कबरस्तान हाय. हाच वास यायचा."
"मग खाल्लंस कावून?"
"चांगलं झालतं."
एवढेच. तरीही पहिल्यांदा तिने फोन मामींकडे दिला नाही.

७ सप्टेंबर, रविवार
वाडीला गेलो. काही न नेता. रिकामे हात कुठे ठेवावेत कळत नव्हते.
सा. चुलीपुढे होती. मामी हळू आवाजात म्हणाल्या, "आज सोताहून उठली. तुर्कस्तानचं करती म्हणं. मला तर वरणच दिसतंय."
"वरण न्हाई, सूप हाय," सा. आतून म्हणाली.
मसुराचे. बारीक घोटलेले, वर पुदिना आणि लोण्यात परतलेली लाल मिरची. मला वाटी दिली आणि समोर बसली. स्वतःला घेतले नाही. मी दोन चमचे घेतले. मीठ अजिबात नव्हते. शिजवताना चाखले नसणार.
"कसं झालंय?"
"छान."
माझ्याकडे बघितले. मग माझ्याच चमच्याने, माझ्याच वाटीतले, तोंडात घातले. बराच वेळ तोंडात ठेवले. गिळले.
"मीठ न्हाई," म्हणाली. मिठाचा डबा आणला, माझ्या वाटीत टाकले, ढवळले. पुन्हा चाखले नाही.
निघताना सावकाश जा म्हणाली. कधी येतेस, हे ओठांवर होते. गाडी चालू केली.
घरी आई दारातच होती. "काय म्हणली?"
"मीठ न्हाई म्हणाली."
आई म्हणाली, "जिभंला कळतंय म्हण की."
येते कधी, ते आईनेही विचारले नाही.